शिवानी, तूरडाळ आणि चिंचोके

भुसार दुकानात किस्से चाळणीखालच्या कोंड्यासारखे साचतात. गिऱ्हाईक विचारत नाही, पण फेकवतही नाहीत. भूमच्या पेठेत बसून लोकांचे लई ऐकले. हे मात्र घरचे.

माझी नात शिवानी, वय वर्षं सात. मोठा आवाज झाला की किंचाळून पळते. फ्रॉकचं लेबल टोचलं की फ्रॉकच काढून फेकते. शाळेतले गुरुजी म्हणाले, "अप्पा, सव्वीस जानेवारीपर्यंत बघतो. पोरगी अशीच पळत राहिली तर दुसरी शाळा बघा."

मी म्हणालो, "पोरगी इथंच शिकंल गुरुजी. सवय लावायचीच तर शाळंला लावू."

*

सोलापूरच्या थेरपिस्ट मॅडमनी समजावलं, की आवाज न् स्पर्श तिला आपल्यापेक्षा जास्त लागतात. रोजच्या कामातूनच हळूहळू जमेल. यादी दिली: जड वस्तू ढकलणं, उचलणं, चाळणं, धान्यात हात घालणं.

यादी वाचून मी विचारलं, "मॅडम, ही नातीची हाय का माझ्या हमालाची?"

त्या म्हणाल्या, "दुकान आहे तुमचं? मग अर्धी थेरपी घरीच आहे की."

*

तेव्हापासून शिवानी तूरडाळीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसते. अगदी शांत. एका बाईनं नाक मुरडलं, "पोरीनं चिवडलेली डाळ आमी न्हाय घेत."

"ताई," मी म्हणालो, "ही डाळ शेतातून, मळणीतून, हमालाच्या पाठीवरून आली. एवढा धुतलेला हात तिला आजच लागलाय."

बाई दोन किलो घेऊन गेली.

*

पुढं मॅडमनी सांगितलं, अनवाणी धान्यावर चालवा. आमच्या मंडळीनं, शिवानीच्या आजीनं, गव्हाची परातच हिसकावली. "अन्नाला पाय? मी जित्ती असेस्तोवर न्हाय."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तिनंच अंगणात घमेलंभर चिंचोके ओतले आणि आधी स्वतः चालून बघितलं.

"सांगा तुमच्या मॅडमला," म्हणाली, "माझे बी पाय हलके झाले."

*

फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्याचे एक पाहुणे आले. शहाणे. "चार दिवस कानाजवळ फटाके लावा अप्पा, भ्या मोडंल."

मी म्हणालो, "बसा. चार दिवस तुमच्या डोळ्यात मिरची घालतो. सवय हुईल."

चहा न घेताच गेले.

*

सव्वीस जानेवारी. शिवानीनं सकाळी दहा किलोचं पोतं दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चारदा ढकललं आणि मग शाळेला निघाली. झेंडावंदन झालं. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि लाऊडस्पीकर कुई करून असा किंचाळला, की मीच दचकलो. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. शिवानी दोन्ही कान दाबून उठली.

"गेली पोरगी," आमची मंडळी पुटपुटली.

पोरगी गेटाकडं गेली नाही. सरळ स्पीकरच्या पेटीकडं गेली. एका कानावरचा हात काढला, बटण बंद केलं आणि परत येऊन ओळीत बसली.

पाहुणे तोंड उघडं ठेवून उभे. गुरुजी पेटीकडं धावले. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "राहू द्या गुरुजी. आत्ता कुठं ऐकू यायलंय."

गुरुजी थांबले. शिवानीकडं बघितलं. मग पेटीची वायर उपसली, नीट गुंडाळली आणि खिशात घातली.