काकांना विचारलं कुणी?

आजारी माणसांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या या बाईला सगळे वादळबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. ती आली की धडाधड खिडक्या उघडत, आणि पक्षाघाताच्या झटक्याने जीभ जड झालेले शिंपीकाकासुद्धा खुदकन हसत. नवं यंत्र दिसलं की ती लहान पोरासारखी हरखून जायची.

त्या सकाळी मात्र तिचा पारा चढला. काकांच्या लेकीने न्हाणीघरात कॅमेरा बसवून घेतला होता. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. बाबा पुन्हा घसरले तर, या धास्तीने तिच्या जिवाला घोर. काळजी खरी होती, पण म्हणून म्हाताऱ्याची आंघोळ मोबाइलवर? वादळबाईने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला आणि नेहमीप्रमाणे काढायला विसरली.

संध्याकाळी लेक धापा टाकत दारात. "दिवसभर नुसता अंधार दिसतोय, मावशी! माझा जीव अर्धा झाला. असं असेल तर बाबांना वृद्धाश्रमातच ठेवते."

काकांचा चेहरा उतरला. खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन होतं. एका हाताने का होईना, ते रोज त्याला तेल घालत.

"टॉवेलचं चुकलंच माझं," म्हणत वादळबाईने पिशवीतून मनगटाला बांधायचा पट्टा काढला. माणूस पडला की घरच्यांचा फोन वाजवणारा! कधी एकदा दाखवते असं तिला झालं होतं. लेकीचा नंबर त्यात घालून तिने तो बांधला आणि पलंगावर अंग झोकून दिलं. काही नाही. मग थेट जमिनीवर, धप्पकन. लेकीचा फोन असा खणाणला की काका पोट धरून हसले.

"याला पडलेलं तेवढं कळतं, बाकी काही दिसत नाही," ती जमिनीवरूनच म्हणाली. "पण बांधायचाय काकांना. त्यांना विचारलंस का? मी तरी कुठे विचारलं म्हणा, सरळ टॉवेलच टाकला."

लेकीने फोन बाजूला ठेवला. बाबांना बोलायला वेळ लागतो, म्हणून झटक्यानंतर त्यांची उत्तरं दुसरेच देऊन टाकत. ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, तुम्हाला काय हवंय?"

शब्द जुळेपर्यंत वादळबाईसुद्धा तोंड मिटून बसली, हे नवलच.

"पट्टा... बांध. कॅमेरा... काढ." काकांनी लेकीचा हात धरला. "मला बघायचं... तर... ये."