दत्ताराम घाडी रोमन होतो

असल्फ्याच्या टेकडीवर दत्ताराम घाडीला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. मुंबईत तो गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा आणि गावी गेला की दशावतारात राजा व्हायचा. उंच, भारदस्त, आणि आवाज असा की नळावरच्या बायकांनी हंडे सोडून वर बघावं. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि राजा घरी बसला. त्याची बायको मालन घाटकोपरात दोन घरी चपात्या करायला जाऊ लागली. दत्ताराम भाजी निवडायचा, मोर्चाला जायचा, आणि भेटेल त्याला सांगायचा, "आज-उद्या मिटतंय बघ."

वर्ष होत आलं तरी मिटेना. तेव्हा आमच्या मंडळाने ठरवलं, यंदा सत्यनारायणाच्या पूजेला नाटक करायचंच. वेळ तर सगळ्यांकडे होता.

नाटक लिहिलं श्यामसुंदर कर्णिकने. हा पंतनगरचा, ट्रॉम्बेला नोकरी करणारा, नाटकवेडा माणूस.

"दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे," पहिल्या बैठकीत त्याने सांगायला घेतलं. "स्पेनमध्ये डोंगरावर नुमांशिया नावाचं लहानसं गाव होतं. रोमन फौजेपुढे मोठमोठे देश आडवे झाले होते, पण या गावाने तिला वीस वर्षं पळवून पळवून मारलं."

"झकास!" धोंडू ओरडला. तोही दत्तारामच्याच खात्यातला संपकरी. "मग?"

"मग रोमने आपला सगळ्यात हुशार सेनापती पाठवला. सिपिओ."

गावच्या म्होरक्याचं काम धोंडूला मिळालं आणि सिपिओचं दत्तारामला. त्याचा चेहराच पडला. "मी रोमन? मला गावातला घे ना यार. मेलेला चालेल."

"तुझ्याएवढा सेनापती दिसणारा दुसरा कोण आहे सांग," श्यामसुंदर म्हणाला आणि विषय संपला.

आम्ही आठ जण रोमन सैनिक. रोमन म्हणे ढाली डोक्यावर धरून, एकमेकांना चिकटून, कासवासारखे चालायचे; वरून दगड पडले तरी आत कुणाला काही होत नसे. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून आम्ही ढाली केल्या. पहिल्याच तालमीत पुढच्याला शिंक आली, कासव कोसळलं आणि रोमन साम्राज्य पेटीवर जाऊन पडलं. पेटीचे दोन सूर कायमचे गेले.

दत्तारामचंही जमत नव्हतं. तो दशावतारी राजासारखा गरजायचा.

"अरे, ओरडू नकोस," श्यामसुंदर वैतागला. "सिपिओ ओरडत नाही. तो लढतही नाही."

"लढत नाही तर करतो काय?"

"गावाभोवती भिंत बांधतो. खंदक खणतो. नदीतून कुणी पोहून जाऊ नये म्हणून पाती लावलेले ओंडके टाकतो. आणि बसतो. आतलं धान्य संपायची वाट बघत."

"एवढी फौज असून?"

"फौज आहे म्हणूनच बसता येतं ना."

दत्ताराम खुर्चीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "असा माणूस मी बघितलाय."

संपाच्या सुरुवातीला सगळे गिरणीच्या गेटवर बसलेले असताना साहेबाची गाडी आली होती. काच खाली झाली. साहेबाने हसून विचारलं, "काय घाडी, घरी सगळं ठीक?" उत्तराच्या आत काच वर.

हे सांगितलं त्या दिवसापासून दत्तारामचा आवाज उतरला आणि तालमीला आम्हालाच त्याची भीती वाटू लागली.

प्रयोगाला सारी टेकडी लोटली होती. मालनचं लाल पातळ खांद्यावर टाकून सेनापती खुर्चीवर बसला होता, मोसंबं सोलत. समोर धोंडू छाती पिटत होता, "आमची पोरं उपाशी आहेत!"

"हो का?" दत्तारामने मायेने विचारलं. एक फोड तोंडात टाकली. "मग या ना खाली. घाई नाही."

पहिली चप्पल तेव्हा आली. त्याच्या खांद्यावर बसली. त्याने ती उचलली, खुर्चीपाशी नीट ठेवली आणि पुढची फोड खाल्ली. मग लोक खवळलेच.

शेवटी नुमांशियाचे लोक शरण न जाता गाव पेटवतात आणि मरतात. सिपिओने प्रेतांमधून चालत येऊन म्हणायचं होतं, "रोमचा विजय असो!" दत्ताराम आला. सगळे त्याचे शेजारी, साचेवाले, संपकरी रंगमंचावर आडवे पडलेले. तो बघत राहिला. मग म्हणाला, "आता राज्य कुणावर करू?"

हे नाटकात नव्हतं. श्यामसुंदरने विंगेत डोक्याला हात लावला. आणि मग आमच्या शेजारची शेवंतीमावशी मागून किंचाळली, "जा मेल्या, तुझ्या रोमाक जा!"

त्यावर जो हशा आणि टाळ्या झाल्या, त्यात मेलेल्यांनीही पडल्या पडल्या भाग घेतला.

घरी मालनने एवढंच विचारलं, "सेनापतीक मोसंबां खयसून गावलां? माका तर वरीसभर दिसूक नाय."

"पूजेतलां," दत्ताराम म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली.

संप कधी मिटलाच नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी धोंडू गुपचूप कामावर गेला. संध्याकाळपर्यंत टेकडीवर त्याचं नाव गद्दार पडलं. त्याच्याशी कुणी बोलेना, त्याच्या बायकोला नळावर कुणी पुढे घेईना.

दत्तारामने श्यामसुंदरला गाठलं. "खरं सांग, त्या गावातले सगळे मेले?"

"बरेच मेले. काही जण शेवटी बाहेर आले, शरण. मी ते घेतलं नाही, जोर गेला असता नाटकाचा."

"पण बाहेर आले ते आधी लढले होते ना?"

"लढले होते की. सगळ्यांबरोबर."

दत्ताराम तिथून सरळ धोंडूच्या खोलीवर. त्याला दारात बघून धोंडू उभाच राहिला. "घाडी, मारायचं तर मार. पोरीची शाळा..."

"विचारलं का मी तुला? चहा टाक."

तो आत गेला नाही. उंबऱ्यावर बसला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, आणि चहा अगदी सावकाश प्याला. मग आणखी एक मागितला. दुसऱ्या दिवशी शेवंतीमावशी धोंडूच्या बायकोशी बोलली. सगळे काही बोलले नाहीत. काही तर आजही बोलत नाहीत.

दत्ताराम स्वतः गिरणीत परतला नाही. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागला. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीवरून मालकाशी कडाकडा भांडला. तरी टिकला, आणि सुट्टीही वाढली.