रिकाम्या मागांची गल्ली

“त्या गल्लीतून आठवडाभरात एकही पेशंट नाही. म्हणजे आपली स्कीम लागू पडली, डॉक्टर,” आमचे हेल्थ ऑफिसर खुशीत म्हणाले. “तो दवाखाना आता बंदच करू. संध्याकाळपर्यंत तसा रिपोर्ट द्या.”

सोलापुरात तेव्हा प्लेग होता. म्युनिसिपालिटीने मला तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या छोट्या दवाखान्यावर नेमलं होतं. साहेबांची स्कीम खर्च वाचवण्याची होती. डॉक्टरने घरोघर फिरायचं नाही, आजाऱ्याने दवाखान्यात यायचं. अंगावर प्लेगची गाठ दिसली की घरच्यांसकट रवानगी गावाबाहेरच्या कॅम्पात आणि घराला सील. कागदावर हे फार सुटसुटीत दिसायचं. साहेबांना तशा गोष्टींचं भारी कौतुक.

मला मात्र पटेना. दवाखान्यासमोरच्या गटारात त्या सकाळीच मेलेले उंदीर दिसले होते. प्लेग आधी उंदरांना होतो, मग त्यांच्या पिसवा तो माणसांपर्यंत आणतात. उंदीर मरताहेत आणि माणसं ठणठणीत, असं होत नाही. रिपोर्ट लिहिण्याआधी एक चक्कर मारावी म्हणून मी गल्लीत शिरलो.

भर दुपार होती. घराघरांतून हातमागांची खटखट येत होती. बाकी काहीच नाही. रस्त्यात पोर नाही, नळावर बाई नाही, कुठून फोडणीचा वास नाही. जेवणाची वेळ टळून चालली तरी एकही माग थांबत नव्हता. तिथे रोज बसून मला त्या आवाजाची सवय झाली होती. मागावर सूत तुटतं, विणकर ते सांधतो, तेवढा वेळ माग गप्प होतो. मी मधोमध उभा राहून ऐकत राहिलो. कुणाचंच सूत तुटत नव्हतं.

जवळचं दार ढकललं. ते नरसव्वाचं घर. म्हातारी माझी जुनी पेशंट, दम्याची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ती दोरी ओढत होती. दोरी ओढली की धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, इकडून तिकडे पळतो. तो पळत होता. पण मागावर सूतच नव्हतं. एक धागासुद्धा नाही. म्हातारीची नजर दारावर होती आणि हात चालूच.

“नरसव्वा, हे काय चाललंय?”

“काम हाय की, डॉक्टर.”

“कसलं काम? सूत कुठाय?”

तिच्या मागे दोरीवर लुगडं टाकलेलं होतं. मी ते बाजूला केलं. तिची विधवा सून लक्ष्मी जमिनीवर पडली होती, तापाने फणफणलेली. जांघेत गाठ होती.

“मला बोलवायचं नाही का?” माझा आवाज चढला.

“तुमाला बोलवलं की कुलूप येतंय. घराला कुलूप म्हंजे मागाला कुलूप. मग खायाचं काय? आन माग गप्प झाला की शेजारी इचारत्यात, कोन पडलंय? गोष्ट फुटती. तुमचा मानूस येतोय. सूत तुटलं तरी माग थांबतोय, म्हनून सूतच न्हाई.”

“आणि शेजारी कुणी आजारी नाही?”

दोरी ओढता ओढताच ती म्हणाली, “कान हायेत की तुमाला.”

भिंतीपलीकडे खटखट चालू होती, न थांबता. तिच्या पलीकडेही तशीच. सगळी गल्ली एकमेकांपासून लपवत होती, आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं.

“दोरी सोडा,” मी म्हणालो. “या गल्लीतलं एकही घर सील होणार नाही. लक्ष्मीला इथेच औषध देईन, रोज येईन. बाकीच्यांना लस टोचतो.”

“सायेब तुमाला ठिवतील व्हय नोकरीवर?”

“ते माझं मी बघेन.”

तिने दोरी सोडली, ती उठली आणि भिंतीशी तोंड नेऊन तेलुगूत काहीतरी ओरडली. शेजारचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता अख्खी गल्ली गप्प झाली. इतकी शांतता मी सोलापुरात कधी ऐकली नव्हती. मग एकेका दाराची कडी निघू लागली, आणि माणसं आपापल्या आजाऱ्यांना उचलून बाहेर आणू लागली.

“सकाळी पेशंट नव्हता, आणि आता रांग? केलंत काय तुम्ही?” संध्याकाळी दवाखान्यात आलेले साहेब कडाडले.

“सील लावणं बंद केलं, साहेब.”

“कुणाच्या परवानगीने?”

“तुम्ही द्याल या भरवशावर.”

नोकरी जायचीच, पण त्या गल्लीतून साथ पुढे पसरली नाही. लस आणि घरोघरची फेरी कॅम्पपेक्षा स्वस्त पडली. साहेबांनी ती नवी स्कीम स्वतःच्या नावावर वर कळवली. मीही गप्प बसलो.

लक्ष्मी मात्र वाचली नाही. प्लेगवर तेव्हा धड औषध नव्हतं, आणि मी पोचलो तोवर फार उशीर झाला होता. ती गेली त्या सकाळी गल्लीतले माग अडखळत, थांबत चालू होते. सूत तुटत होतं. नरसव्वाचा तेवढा बंद होता, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं. मी पोचेपर्यंत शेजारचे मागही थांबले आणि माणसं खांदा द्यायला दारात येऊन उभी राहिली.

अमुक दवाखान्यात हल्ली गर्दी नसते, असं कुणी खुशीत सांगितलं की मी अजूनही एवढंच विचारतो, तिथे येणाऱ्या माणसाचं तुम्ही पुढे काय करता?