आटलेल्या समुद्रातला सरदार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला स्वयंपाक करत होते. रडू नंतर आलं; आधी आला तो राग. कारण थोड्याच वेळात वहिनींचा दुसरा फोन आला, "ताई, यांचा एखादा बरा फोटो हाय का तुमच्याकडं?" नांदेडात जन्मभर लोकांच्या लग्नांचं शूटिंग करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता! शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून त्याला हार घातला. त्यात दादा स्वतःवरच रुसल्यासारखा दिसतो.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या लेकीनं, मयुरीनं, विचारलं, "आत्या, पपा बोलताना, हलताना परत कधीच दिसणार न्हाईत का गं?" तेव्हा मला तो सिनेमा आठवला.

मयुरीच्या जन्माआधीची गोष्ट. दादाच्या डोक्यात शिरलं की टीव्हीसाठी मुलांचा सिनेमा काढायचा, समुद्री चाच्यांच्या खजिन्याचा. तोही नांदेडात! मी म्हटलं, समुद्र कुठून आणणार? "विष्णुपुरीच्या धरणात पाणी काय कमी हाय का?" झालं. भोयांची होडी मागून आणली, तिला शीड म्हणून मांडवाचं कापड बांधलं. चाच्यांच्या सरदाराचं काम करणारा लोहा गावचा नट आलाच नाही, म्हणून डोळ्याला काळी पट्टी बांधून दादाच सरदार झाला. पण कॅमेराही त्याचाच. शॉट लावायला पट्टी वर करायची, धावत जाऊन परत खाली ओढायची, आणि कुठल्या डोळ्यावर होती ते विसरायचं. त्यामुळं सरदार कधी उजव्या डोळ्यानं आंधळा, कधी डाव्या. मी सांगितलं तर म्हणे, "लेकरांना काय कळतंय!" लेकरांनाच तर कळलं. सिनेमा एका दुपारी एकदाच टीव्हीवर लागला आणि गल्लीतली पोरं कितीतरी दिवस त्याला विचारत होती, "काका, आज कोणता डोळा?"

त्याहून कहर पुढं. निम्मं शूटिंग झालं आणि लगीनसराई लागली. दादा सगळं टाकून लग्नांना पळाला. भर उन्हाळ्यात परत येऊन बघतो तर समुद्र मागं सरकलेला, गलबत चिखलात आणि भोवती म्हशी. मी कपाळाला हात लावला. हा शांतपणे म्हशी हाकलत म्हणाला, "ओहोटी दाखवायलोय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं...

तर तो सिनेमा शोधायचा असं ठरलं. टीव्हीवाल्यांकडं चौकशी केली. तिथं कुणाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. शेवटी माळ्यावर कॅसेट सापडली. वर दादाच्या अक्षरात, 'खजिना. कोणीही हात लावू नये.' मयुरीनं ती दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. मी लातूरहून गेले. आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो.

आणि पडद्यावर आलं मुखेडचं कुणाचं तरी लग्न.

ऐन लग्नात कॅसेट कमी पडली असणार, दुसरं काय! लोकांना ताकीद द्यायची आणि स्वतःच तिच्यावर नवरदेवाची वरात भरायची! मी इतकी चिडले की समोर असता तर बोलणीच खाल्ली असती त्यानं. आम्ही पळवत पळवत शेवटपर्यंत गेलो. हळद, अक्षता, पंगत. सरदार कुठंच नाही. मयुरीचा चेहरा बघवेना. उगीच आशेनं तिनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं, या वेळी न पळवता.

बँड थांबला. बायका ओळीनं उभ्या राहिल्या. आणि कॅमेऱ्यामागून दादा बोलला, अगदी खोलीत असल्यासारखा, "हं, मामी, इकडं बघा. पदर सारखा करा. आता हासा की जरा..."

मयुरीनं माझा हात घट्ट धरला. मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला होता, आणि टीव्हीकडं बघून त्या हसत होत्या.