सुनंदाच्या दातांवरची तार

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला ऑफिसची कॅब अडकली होती, तेव्हा ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीच्या, सुनंदाच्या नवऱ्याचा, प्रकाशचा फोन आला. 'सुनंदा गेली...' एवढंच तो म्हणाला आणि पलीकडून नुसता हॉस्पिटलमधला गलबला ऐकू येत राहिला. आदल्या संध्याकाळीच मी तिला भेटून आले होते. धाप कमी झाली होती, लवकरच घरी सोडतील असं वाटत होतं, आणि ही बाई पलंगावर बसून नर्सकडे चूळ भरायला पाणी मागत होती. मी वैतागून म्हटलं, आजच्या दिवस राहू देत की ते दात. 'गप गे, मी घासतो आणि मग झोपतो,' ती म्हणाली. बेळगावकडची असल्याने ती स्वतःबद्दल अशीच बोलायची आणि आम्ही पुण्याकडचे तिला त्यावरून चिडवायचो. आता चिडवायला ती नाही, याचा मला अजून नुसता राग येतो.

लहानपणच्या तापाने सुनंदाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि ती बदलावी लागली होती. अशा बाईने चाळिशीनंतर दातांना तार लावून घेतली, ती हौसेने नव्हे. मुलीचे, मृणालचे दात पुढे होते आणि शाळेत एकटीने तार मिरवायला ती काही केल्या तयार होईना. 'तू लाव, मग मी लावते,' म्हणाली. सुनंदाचेही दात वाकडेच होते, तिने लावली! दातांच्या डॉक्टरबाईंनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, मग दोघींना समोर बसवून बजावलं. तारेभोवती अन्न, त्यातून गोड, अडकतं, त्यावर जंतू पोसतात, त्यांच्या आम्लाने दाताचं वरचं कवच झिजून पांढरे डाग पडतात. हे कुणालाही होऊ शकतं. सुनंदाच्या बाबतीत मात्र सुजलेल्या हिरड्यांतून तेच जंतू रक्तात शिरून झडपेवर ठाण मांडू शकतात. त्या दिवसापासून ऑफिसात कुणाच्याही आनंदाचा पेढा आला की ती तो डब्यात ठेवायची, जेवणाबरोबर खायची आणि बारीक ब्रश घेऊन बेसिनपाशी जायची. मीटिंग खोळंबली तरी हलायची नाही. तिला साधी कणकण आली तरी माझं धाबं दणाणायचं. मी भांडलेही तिच्याशी, कशाला हे नसतं लचांड म्हणून. 'पोरीला एकटीला कसं ढकलू गे?' ती म्हणाली, आणि विषय संपला.

ती गेल्यावर भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी भर बैठकीत निकाल दिला, 'या वयात दात सरळ करायला गेली, तारेचं विष रक्तात भिनलं.' मृणाल पाण्याचे पेले घेऊन तिथेच उभी होती. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, पण व्हायचं ते झालं होतं. पुढे काही आठवड्यांनी त्यांच्या घरी गेले तर पोरगी ओठ मिटून बोलत होती. जेवताना तोंड उघडलं तेव्हा दिसलं... हिरड्या लालबुंद, सुजलेल्या, आणि तार धरणाऱ्या चौकोनी तुकड्यांभोवती खडूसारखे पांढरे डाग. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, 'मावशी, घासलं की रक्त येतं. रक्त आलं की जंतू आत जातात. मम्मी तशीच गेली ना?' ब्रश तिने केव्हाच सोडला होता.

तिला बनशंकरीतल्या त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, लाडाने बोलताना कानडी शब्द यायचे. 'स्वल्प तोंड उघड, पुट्टा,' त्या म्हणाल्या. मृणालने उघडलं नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून तिने विचारलं, 'मम्मीने माझ्यासाठी तार लावली. माझ्यामुळे गेली काय?' बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. मला वाटलं, आता या काहीतरी गुळगुळीत बोलणार आणि ही पोर आयुष्यभर ते मनात धरून बसणार. 'मीही घाबरले होते,' त्या म्हणाल्या. 'म्हणून तिच्या डॉक्टरांना स्वतः विचारलं. तिचं रक्त तपासलं होतं, जंतू नव्हते. झडपही स्वच्छ होती. हृदयच लहानपणापासून थकलेलं होतं, त्याचे ठोके बिघडले. तारेने नाही गेली ती.' मग म्हणाल्या, 'न घासल्यामुळे तुझ्या हिरड्या सुजल्यात, म्हणून रक्त येतंय. घासायला लागलीस की थांबेल. डाग फिके होतील, पण सगळे जातील असं मी सांगणार नाही.' मृणाल बराच वेळ रडली, मग तिने आ केला.

घरी प्रकाशने उप्पीट केलं होतं. खाऊन मृणाल न सांगता न्हाणीघरात गेली. मी दाराबाहेर कान देऊन उभी. नळाचा आवाज, थुंकण्याचा, पुन्हा नळाचा. ती बाहेर आली आणि खिडकीपाशी माझ्यासमोर तोंड वासून उभी राहिली. मला काही कळेना.

'मम्मी बघायची,' ती म्हणाली.

मी तिची हनुवटी धरली आणि नीट पाहिलं. डोळे भरल्याने आधी काही दिसेचना.

'उजवीकडे वर कोथिंबीर आहे,' मी म्हटलं.

ती पुन्हा आत गेली.