जकार्ता–मकासर: जाताना चढ, येताना उतार

विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बघू? नकाशावर, घड्याळावर, की तिकिटावर? मक्केत विमान-तिकिटांचं दुकान टाकून वर्षं झाली, मला काही उलगडा नाही. शाळा सातवीत सुटली, भूगोल गिऱ्हाइकांनी शिकवला. त्यात निम्मी गिऱ्हाइकं इंडोनेशियाची. मग किस्से खजुराच्या खोक्यांसारखे काउंटरखाली साचणारच.

*

माझे पार्टनर हमीदचाचा खेडचे. अंतर मोजतात भिंतीवरच्या नकाशावर बोटं ठेवून. खेड ते मुंबई नखाएवढं, आणि एसटीला लागतो अख्खा दिवस. इंडोनेशियातलंच जकार्ता ते मकासर भरलं दोन बोटं. एका बाईंना त्यांनी बिनदिक्कत सांगितलं, आठवडा लागेल. मी घाईघाईने म्हटलं, अडीच तास.

चाचा शांतपणे म्हणाले, "विमानाला कशेडी घाट लागत नाही, हे ध्यानातच राहिलं नाही."

*

समोरच्या हॉटेलातला आचारी सुलेमान मकासरचा. त्याने आपलं गावचं तिकीट उलटसुलट पाहिलं. जकार्ताहून जाताना साडेतीन तास दिसत होते, येताना दीड. खरं तर मकासरचं घड्याळ तासभर पुढे, एवढंच. पण मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले, "येताना उतार आहे."

दुसऱ्या दिवशी किचनमधले तिघे दारात हजर. उताराचं तिकीट स्वस्त द्या म्हणाले.

*

मग सुलेमानच्या एकुलत्या एक मुलीचा निकाह ठरला, मकासरला, दुपारच्या नमाजनंतर लगेच. आईविना वाढवलेली पोर. बापाने स्वतःच्या तोंडाने निकाह लावून द्यायचा, ही त्यांची रीत. बाप पोचला नाही तर काका लावून देणार, आणि त्या भावाशी याचं बोलणं बंद.

सुलेमानला जकार्ताहून सकाळी साडेनऊचं विमान हवं होतं. अडीच तास, म्हणजे बाराला पोचतो, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, तिथे तेव्हा एक वाजलेला असेल, नमाज उरकलेली असेल, पहाटेचं घे. पटेना. उताराचं पटलं होतं, तासाचं नाही! शेवटी चाचांनीच कबूल केलं की उतार-बितार काही नसतो, आणि पहाटेचं तिकीट त्याच्या हातात कोंबलं.

पहाटेचं विमानही रखडलं. सुलेमान मांडवात शिरला तेव्हा मंडळी दुपारच्या नमाजला उभी राहत होती. नमाज झाली आणि निकाह त्यानेच लावला.

*

परत आला तो सरळ दुकानात. मिठाईचा डबा काउंटरवर ठेवला. मनगटावरचं घड्याळ अजून मकासरचंच होतं. चाचांनी डबा उघडला.

"काय सुलेमान, जाताना एक तास गेला, येताना एक तास मिळाला. हिशेब बरोबर. खलास!"

सुलेमान घड्याळाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. मला तो मुदीर म्हणतो, म्हणजे साहेब.

"मुदीर, चाचांचं ऐकू नका. जाताना मी स्वतःच्या घरी गेलो, येताना मुलीच्या सासरहून पाहुण्यासारखा निघालो. तुम्ही तरी हिशेब खरा ठेवा."