फणसाची काठवट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही. ओळखत असतात तर आजही मला जमलं नसतं.

कुठून सुरू करू? बंद गेटपासूनच करते.

अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्याला चाळीत आमची खोली. बाबा एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात होते. ऐंशी सालानंतर गावातले भोंगे एकेक करून गप्प होत गेले, त्यात आमचाही गेला. गेटला कुलूप लागलं तरी बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. डबा रिकामा असायचा — हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. घरी सकाळी पेज, रात्री पेज. आई पापड लाटायची, मी ते सायकलवरून दुकानांत पोचवायची आणि तिथूनच कॉलेजला जायची. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायची. अजूनही सांगते.

डबा घेऊन बाबा जायचे ते शिवमंदिरात. दिवसभर खांबांकडे बघत बसायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "सुमे, हात फिरव इथून." मी फिरवला. दगडाच्या अंगावर एकाखाली एक गोल वळ्या, कुठे खडबडीत नाही, कुठे कमीजास्त नाही. "हा दगड कुणी गरगर फिरवला असेल गं? का माणूसच फिरला असेल दगडाभोवती?" उत्तर त्यांना नको होतं. त्यांना फक्त थक्क व्हायला सोबत हवी होती.

मग एक दिवस ते उल्हासनगरला गेले आणि फर्निचरच्या गल्लीत एका खरादीच्या दाराशी उभे राहिले. खरादी म्हणजे लाकूड फिरवून पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या करणारा. संध्याकाळी आले ते शर्टाच्या खिशात लाकडाचा कीस भरून. तांदळाचं पीठ चाळून ठेवावं तसा त्यांनी तो ताटात ओतला. "चौकोनी लाकूड होतं. माझ्या डोळ्यांदेखत गोल झालं. आपण बघतोय ते लाकूड का त्याची सावली, तेच कळत नव्हतं."

आई म्हणाली, "ताट घासायचं कुणी आता?"

पण कारखान्याचा हिशेब हाती आला तेव्हा आईनेच म्हटलं, "घ्या ती मशीन. रोज देवाला रिकामा डबा दाखवायला जाण्यापेक्षा बरं."

मशीन निवडायला बाबा मला घेऊन गेले. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय पदार्थविज्ञान. उल्हासनगर कॅम्पातला मशीनवाला सिंधी, बोलण्यात पटाईत. त्याने आधी एक लांबलचक लेथ, म्हणजे खरादाची मशीन, दाखवली. "साईं, ये लो. पलंग का पाया बनाओ, झूला बनाओ, लाइफ बन जाएगी." बाबा तिच्या मोठ्या मोटारीकडे बघून हरखलेच. मी चहाचा ग्लास मशीनवर ठेवला आणि म्हटलं, चालू करा. चहा उसळून त्याच्या झब्ब्यावर गेला. दुसऱ्या मशीनवर ग्लास सरकत सरकत कडेला आला. तिसरी एक बुटकी, जाड बिडाची मशीन कोपऱ्यात धूळ खात पडली होती. तिच्यावर चहा नुसता थरथरला, बारीक वर्तुळं उठली आणि ग्लास जागेवर. ताटाएवढं लाकूड फिरेल का, हेही मी मापून पाहिलं, कारण बाबांच्या मनात आधीपासून आईसाठी काठवट होती — भाकरी थापायची, लाकडाची.

"ये लडकी है कि इन्स्पेक्टर?" मशीनवाला झब्बा पुसत म्हणाला.

"बीएस्सी करते," बाबा म्हणाले. मशीनच्या किमतीवर त्यांनी घासाघीस केली असेल-नसेल, पण हे वाक्य त्यांनी त्या दुकानात तीनदा म्हटलं.

एक गोष्ट इथे नीट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या मशीनच्या पुलीला तीन खाचा होत्या. पट्टा एका टोकाच्या खाचेत टाकला की लाकूड हळू फिरायचं, दुसऱ्या टोकाच्या खाचेत टाकला की जोरात. बारीक लाकूड जोरात, रुंद लाकूड हळू. मीच बाबांना ताटली फिरवून दाखवलं होतं की मधल्यापेक्षा कडेला किती वेग असतो, आणि रुंद, ओबडधोबड लाकूड जोराच्या खाचेवर सुटलं तर ते कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. बाबा हसले होते. "म्हणजे माझं तरी ऐकणार नाही!"

घरामागे पत्र्याची शेड घातली, तिथे मशीन बसवली. आईचा पदर अडकू नये म्हणून बाबांनी पट्ट्यावर लाकडी पेटी बसवली. ती उघडल्याशिवाय पट्टा कुठल्या खाचेत आहे ते दिसायचं नाही.

बाबा शिकू लागले. पहिलं लाटणं मधे इतकं बारीक झालं की आईने त्याने पाठ खाजवली. मीही शिकले. पटाशी टेकवायची, आणि लाकूड स्वतःहून सोलून निघायचं. चाफ्याच्या पाकळीएवढ्या पातळ, लांब रिबिनी हातावरून वाहत जायच्या, गरम गरम. आत काय आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. एखादी गाठ, एखादी लाल रेघ अचानक वर येते आणि पुढच्या क्षणी पुसली जाते. माझ्या पुस्तकात वेगाचं सूत्र होतं, ही रेघ कुठेच नव्हती. महाशिवरात्रीच्या जत्रेत बाबांनी लाटण्यांचा ढीग मांडला आणि संध्याकाळी मोकळं पोतं खांद्यावर टाकून आले. त्या दिवशी रिकामं काहीतरी घरी आणताना मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

काठवटीसाठी जांभूळ गावी काकांच्या परसातल्या पडलेल्या फणसाचं खोड आणलं होतं. ते वर्षभर खाटेखाली वाळत ठेवलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी त्याचा गोल तुकडा लोखंडी तबकडीवर स्क्रूने बसवला, पट्टा हळूच्या खाचेत टाकला, पेटी लावली. दसऱ्याला पूजा, दुसऱ्या दिवशी काठवट. तुम्हाला माहीतच आहे — दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी त्याला चालवत नाहीत. ते दमलेलं असतं. त्याला सुट्टी.

दुपारी आईबाबा जांभूळला काकांकडे सोनं द्यायला गेले. मी घरी थांबले, कारण कॉलेजातल्या दोन मैत्रिणी येणार होत्या.

त्या आल्या. मी त्यांना शेड दाखवली. एक म्हणाली, "तू चालवतेस? काहीही!"

आता तुम्हाला कळलंच असेल. तरी सांगते. माळ काढली. पेटी काढली. पट्टा जोराच्या खाचेत टाकला, कारण मी त्यांच्यासमोर भोवरा करणार होते; तो बारीक असतो आणि जोरात फिरवला की कसा गुळगुळीत होतो हे मला त्यांना दाखवायचं होतं. भोवरा झाला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मी भोवरा त्यांना देऊन टाकला. मग कीस झाडला, पेटी लावली, माळ होती तशी घातली. पुसलेलं कुंकूसुद्धा बोटाने परत लावलं — इतकी आठवण मला होती. पट्ट्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मशीनला नमस्कार केला, तबकडीसकट फणसाचा तुकडा चढवला आणि समोर उभं राहून बटण दाबलं. मी चूल पेटवत होते. आधी आवाज आला, मग पत्रा फाटल्यासारखा दुसरा. धावत गेले तर बाबा भिंतीशी बसलेले, डावा हात उजव्या हातात धरून. मनगट उलट्या बाजूला वळलं होतं. तुकडा पत्र्यातून आरपार बाहेर अंगणात पडला होता. आई तिथून नुकतीच बादली घेऊन आत आली होती.

आदल्या संध्याकाळी आईबाबांसोबत मुक्कामाला आलेल्या काकांनी पेटी उघडली. पट्टा जोराच्या खाचेत.

"मी हळूवर टाकला होता," बाबा म्हणत राहिले. रिक्षात, दवाखान्यात, प्लास्टर घालताना. "मला आठवतंय. टाकला होता." काका म्हणाले, "आठवतंय म्हणून टाकलाच असं नाही रे. आपले अण्णा आठव." अण्णा म्हणजे माझे आजोबा. शेवटी शेवटी ते स्वतःच्या शेतातून घरी यायची वाट विसरायचे. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं — दटावून नाही, अगदी साधं, आशेने —

"सुमे, तू हात लावला होतास का गं?"

मी म्हटलं, "दसऱ्याला मशीनला कोण हात लावेल, बाबा?"

बघा ना, किती नीट वाक्य आहे. साधं 'नाही'सुद्धा म्हणाले नाही. त्यांचीच श्रद्धा त्यांच्यासमोर धरली. बाबांनी मान हलवली. "तेही खरंच." आणि त्या क्षणी त्यांनी स्वतःवरचा विश्वास काढून ठेवला. मी बघत होते. माणसाच्या चेहऱ्यावरून ती गोष्ट उतरताना दिसते.

कॉलेज सुटेल म्हणून घाबरले, असं सांगता आलं असतं. ते खोटं आहे. बाबांनी मला कधीच घरी बसवलं नसतं. मला फक्त 'बीएस्सी करते' म्हणतानाचा त्यांचा तो चेहरा गमवायचा नव्हता. त्यासाठी मी त्यांचा दुसरा चेहरा घेतला.

हात जुळला, दोन बोटं ताठच राहिली. पण हाताचं काय! चाळीच्या गणपतीत सगळ्या आरत्या न थांबता म्हणणारा माणूस, आम्ही पहिला शब्द विसरलो तर डोळे वटारणारा — तो पुढच्या गणपतीत हातात आरत्यांचं पुस्तक धरून उभा होता. एकही शब्द चुकला नाही. तरी पान उलटत होता. कुलूप लावून परत हिसडून बघायचा. अर्ध्या रस्त्यातून मागे फिरायचा. गॅस आल्यावर विचारायचा, "मी बंद केला ना?" आई चिडवायची, "नाही, चाळ उडवायची आहे मला." बाबा हसायचे नाहीत. जाऊन बघून यायचे.

मशीनवर माळ वाळत राहिली. आई ती काढू देईना, बाबा काढेनात. आणि मग थंडीत एका सकाळी शेडमधून आवाज आला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. बाबांनी पेटी उघडली. पट्ट्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "हळू." पेटी लावली. परत उघडली. परत बोट. "हळू." मग लाकूड हाताने एक पूर्ण वेढा फिरवलं, बाजूला सरकले आणि तेव्हा कुठे बटण दाबलं.

ताठ बोटांखाली पटाशी कशी धरायची हे त्यांना कुणी शिकवणारं नव्हतं. त्यांनी तळहाताच्या कडेने धरली. पत्रा फाडून गेलेलाच तो तुकडा होता, कडेला एक खोक पडलेली. आधी नुसता पिवळा धुरळा. मग धुरळ्यातून कड उमटली, कडेतून खोलगट अंग उतरत गेलं. फणसाचा पिवळा, हळदीसारखा. खोक फिरता फिरता बारीक होत गेली आणि एका क्षणी नाहीशी झाली. मी जन्मात देव पाहिला असेल तर तो त्या शेडमध्ये, त्या तीन बोटांच्या हाताखाली. आणि तिथेच, दाराला टेकून, मी होते.

पुढे बाबांकडे शिकायला बदलापूरहून, उल्हासनगरहून लोक येऊ लागले. सगळ्यांना त्यांनी तीच सवय लावली: पेटी उघडा, बोट ठेवा, मोठ्याने बोला, बाजूला व्हा. लोक म्हणायचे, काय शिस्त आहे! मी मान डोलवायची. मी पदवी घेतली, शाळेत शिकवायला लागले, वर्गात वेगाचं सूत्र फळ्यावर लिहिलं. शेवटच्या आजारपणातही बाबा विचारायचे, "गॅस मी बंद केला ना गं?" मी म्हणायची, "केलात, बाबा." त्याच श्वासात आणखी एक वाक्य मावलं असतं. दर वेळी मावलं असतं.

त्यांची आठवण शेवटपर्यंत लख्ख होती. हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

काठवट पूर्ण झाली. बाबांनीच केली. आई जाईपर्यंत तिच्यावर भाकरी थापत होती, आता मी थापते. पिवळी होती ती आता मधासारखी झाली आहे. पट्टा मी बदलला होता.